दोन क्विंटलच्या आधी पाच किलो



आम्ही पनवेल तालुक्यातून बोलतोय. आम्ही म्हणजे एका बचत गटाच्या दहा बाया आणि अकरावी त्यांची समन्वयक. माइकसमोर बसली आहे ती समन्वयक, कारण बाकीच्या दहा जणींनी तिला पुढे ढकललं. पण बोलणं अकरा जणींचं आहे. हे भाषण काल संध्याकाळी सगळ्यांना वाचून दाखवलं, दोन जागी वाद झाला, तिथं बदललं, आणि मग इथं आणलं.

आज सांगायचंय ते काम फेऱ्याफेऱ्यांनी करण्याबद्दल. मोठ्या कंपन्यांत याला इंग्रजी नावं आहेत, त्यातली एकदोन पुढे येतील. आम्ही साधं फेरी म्हणतो. थोडं करायचं, ते घेणाऱ्याच्या हातात द्यायचं, ती काय म्हणते ते ऐकायचं, आणि मग पुढचं थोडं करायचं. ऐकायला इतकं सोपं आहे, की आम्हालाही ते आधीच माहीत आहे असंच वाटायचं. घरात भात शिजला का बघायला कुणी अख्खं पातेलं उपसत नाही, एक शीत चेपून बघतो. पण हेच आम्ही धंद्यात विसरलो. त्याची किंमत पावणेसोळा हजार रुपये पडली, आणि पैशांहून मोठं एक माणूस जाता जाता राहिलं. तेच आधी सांगतो.

२०२४ चे गणपती ७ सप्टेंबरला बसले. त्याच्या दोन महिने आधी गटात ठरलं, उकडीच्या मोदकांची पिठी करून विकायची. कल्पना चांगली होती, आजही आमचं तेच मत आहे. खांदा कॉलनी, नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली, सगळीकडे नोकरदारांची घरं. तांदूळ धुवा, सावलीत वाळवा, बारीक दळून आणा, चाळा, एवढा वेळ कुणाकडे आहे? आणि चतुर्थीला मोदक तर हवेतच. आमच्यात बीए झालेली एकच, म्हणजे हे वाचणारी. तिनं हिशेब मांडला. दोन क्विंटल तांदूळ, ६० रुपये किलोनं १२,००० रुपये. दळायचे २,०००. पिशव्या आणि छापील लेबलं मिळून ४,०००. छापखान्यात म्हणाले, हजाराच्या खाली लेबलं परवडत नाहीत, म्हणून हजार छापली. वजनकाटा आणि पिशवीचं तोंड बंद करायचं यंत्र ६,०००. एकूण २४,०००, सगळे गटाच्या कर्जातून. एक किलोची दोनशे पाकिटं, १५० रुपयांना एक, म्हणजे ३०,०००. सहा हजार नफा. कागदावर सगळं छान दिसत होतं. कागदाला ओल लागत नाही ना.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. दोन क्विंटल तांदूळ एकदम धुतला आणि समाजमंदिरात जुन्या साड्यांवर पसरला. दोन दिवस बाहेर नुसती झड, आत हवेलाच ओल. आमच्यात सगळ्यात वयानं मोठ्या आहेत त्यांना आम्ही काकी म्हणतो. त्यांनी दोन दाणे उचलले, दाढेखाली धरले आणि म्हणाल्या, "वला हाय गो अजून." त्यावर आमच्या समन्वयकबाईंनी काय उत्तर द्यावं? "काकी, गिरणीवाल्याला आजची रात्र सांगून ठेवलीय, आता थांबून चालायचं नाही." काकी गप्प बसल्या. बाकीच्या नऊ जणीही गप्पच होत्या. खरं तर तांदूळ ओला आहे हे दोघीतिघींच्या हाताला कळलं होतं. पण ठरलंय ना, मग करून टाकू.

रात्री दळण झालं. आमच्या आधी गहू दळला होता, तो दगडात राहिलेला थोडा आमच्या पिठीत आला. दोन दिवसांत पाकिटं भरली. नव्वद विकली गेली. चौथ्या-पाचव्या दिवसापासून फोन सुरू झाले. पिठीला आंबूस वास येतोय, गुठळ्या झाल्यात, उकड काढली तर चिकट होते आणि पारी वळताना फुटते. चतुर्थीच्या दुपारी खांदा कॉलनीतल्या एका ताईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्याचंच जास्त लागलं. म्हणाल्या, "गणपतीच्या पानात काय वाढू आता, तुम्हीच सांगा."

पस्तीस पाकिटांचे पैसे परत केले. उरलेली एकशेदहा विकलीच नाहीत, पिठी गुरांना घातली. पंचावन्न पाकिटांचे ८,२५० रुपये हाती आले. २४,००० मधून ते वजा करा. आणखी एक गोष्ट, जी सांगायची लाजच वाटते. एकवीस मोदकांना अर्धा किलो पिठीसुद्धा लागत नाही. लहानपणापासून मोदक वळणाऱ्या दहा बायांनी पाकीट एक किलोचं केलं, आणि लेबलावर 'एक किलो' असं ठळक छापून घेतलं! दुकानदार पहिल्याच दिवशी म्हणाले, अर्ध्याचं असेल तर ठेवतो. हजार लेबलं घरात, आता काय करणार?

वाटून प्रत्येकीच्या डोक्यावर दीड हजाराच्या वर बसले. काकींनी त्या नफ्यातून नातीच्या बारावीच्या क्लासची फी भरायची ठरवली होती. पुढच्या शुक्रवारी बैठकीला त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही. सहा शुक्रवार गेले. बाकीच्यांत दोघी म्हणायला लागल्या, बचत वाटून घेऊ आणि गट मोडू. सात वर्षांचा गट, आणि दोन क्विंटल पिठीपायी मोडायची वेळ आली.

दिवाळीत आमच्यातल्या एकीची भाची आली होती. ती महापेला कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, विकायच्या आधी तुम्ही कितीजणींना करून बघायला दिली होती?" एकीलाही नाही. ती म्हणाली, आमच्याकडेही पूर्वी असंच चालायचं. वर्षभर बसून मोठा कार्यक्रम बनवायचा, वर्षानं गिऱ्हाइकाला दाखवायचा, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, हे मला नकोच होतं. आता दोन आठवड्यांची फेरी करतात, तिला स्प्रिंट म्हणतात. दोन आठवड्यांत छोटंच काहीतरी पुरं करायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं, ते काय म्हणतं त्यावरून पुढच्या दोन आठवड्यांचं ठरवायचं. रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्या उभ्या बोलायचं: काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. २००१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात सतराजण जमले आणि त्यांनी या पद्धतीचा एक छोटा जाहीरनामा लिहिला, तेव्हापासून ती जगभर पसरली. त्याच्याही आधी, १९५० मध्ये, डेमिंग नावाचे अमेरिकन तज्ज्ञ जपानला जाऊन तिथल्या कारखानदारांना शिकवत होते, त्यातलं ठरवा, करा, तपासा, सुधारा आणि पुन्हा ठरवा हे चक्र जपानी कारखान्यांनी उचललं, असं ती म्हणाली.

आमच्यातली एक फटकन म्हणाली, "म्हणजे शुक्रवारची बैठकच की ही!" आम्ही हसलो, पण तिचं म्हणणं खरं होतं. बचत गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेबाची वही. ही पैशाची फेरीच आहे. पहिल्या महिन्यात कुणी कुणाला पन्नास हजार देत नाही. आधी पाचशे देतो. ती फेडते का बघतो. मग हजार, मग पाच हजार. पैशाच्या बाबतीत आपण इतक्या सावध असतो, आणि पिठीच्या बाबतीत पहिल्याच दिवशी दोन क्विंटल!

लिज्जतची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १५ मार्च १९५९, मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, जसवंतीबेन पोपट त्यातल्या एक. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, ते आपण टीव्हीवर बघितलं. पण या गोष्टीतला आम्हाला सगळ्यात उपयोगी भाग सहसा कुणी सांगत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी पापडाची चार पाकिटं केली. चार! ती विकली, मग पुढची केली. सुरुवातीला एक चांगला आणि एक स्वस्तातला हलका, असे दोन दर्जाचे पापड त्या करायच्या. त्यांना पैसे देणारे छगनलाल पारेख, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत, त्यांनी सांगितलं की एकच करा आणि चांगलाच करा. त्यांनी ते बदललं. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसातही काम चालू राहिलं. बघा, चार पाकिटांत जे कळायचं ते कळलं, आणि पावसानं अडवलं तर पुढच्या फेरीत त्याचा इलाज आला. पहिल्याच दिवशी त्यांनी चारशे पाकिटं केली असती, तर पुढं काय झालं असतं कोण जाणे.

पण फेरी करायला बाया हव्यात, आणि काकी येत नव्हत्या. आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. माफी मागितली. म्हटलं, काकी, तुमचं ऐकलं नाही, चुकलं आमचं. काकी म्हणाल्या, "आयकायला थांबला कोन?" चहा झाला. निघताना त्या म्हणाल्या, येते, पण एक अट. दळायच्या आधी तांदूळ मी चावून बघनार, आणि मी नको म्हटलं तर नाय दलायचा. आम्ही ते वहीत लिहिलं आणि त्यांच्यासमोर सही केली.

२०२५ चे गणपती २७ ऑगस्टला होते, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा अकरा दिवस आधी. गणपती काही आपल्यासाठी थांबत नाहीत. म्हणून आम्ही तारखेवरून उलटं मोजलं. ११ जुलैच्या शुक्रवारपासून २२ ऑगस्टच्या शुक्रवारपर्यंत सहा आठवडे, म्हणजे सहा फेऱ्या. शुक्रवारी बैठकीत फेरी सुरू होते, पुढच्या शुक्रवारी बैठकीतच संपते. फेरीत किती किलो करायचं हे कमीजास्त होईल, पण शुक्रवार हलवायचा नाही. हा नियम फार कामाचा ठरला. नाहीतर आपलं कसं, "अजून थोडं राहिलंय, सोमवारी बघू", आणि सोमवार कधी येतच नाही.

पहिली फेरी पाच किलोची. यात पैसे कमवायचेच नव्हते. अर्ध्या किलोची दहा पाकिटं, खर्चापुरते ४० रुपये घेऊन दहा घरी दिली. त्यात मुद्दाम खांदा कॉलनीतल्या त्या ताईंचं घरही घेतलं. जायला पाय उचलत नव्हते, पण गेलो. सोमवारी, १४ जुलैला संकष्टी होती, चंद्रोदयानंतर बऱ्याच घरी मोदक होतात. बुधवारी प्रत्येकीकडे जाऊन एकच प्रश्न विचारायचा ठरलं होतं: पारी फुटली का? "कशी वाटली पिठी?" असं विचारायचं नाही. तसं विचारलं की बाया भिडेखातर छान म्हणतात. दहापैकी चौघींनी सांगितलं, फुटली.

शुक्रवारच्या बैठकीत सहा कारणं निघाली. तांदूळ जुना आहे, जाडा आहे, ओल राहिली, दळण जाड झालं, चाळण मोठी होती, पाणी कमी पडलं. प्रत्येकीला आपलंच खरं वाटत होतं. तेव्हा भाचीनं सांगितलेली गोष्ट आठवली: एका फेरीत एकच बदल. सगळं एकदम बदललं आणि पिठी सुधारली, तर कशामुळे सुधारली ते कळत नाही. बिघडली तरी तेच. आमटीत मीठ, चिंच, गूळ तिन्ही एकदम टाकून चव बघणाऱ्या सुनेला सासू जे सांगते, तेच हे.

म्हणून दुसऱ्या फेरीत फक्त तांदूळ बदलला, निम्मा आंबेमोहोर मिसळला. खर्च वाढला, पण पारी एकीचीच फुटली. मात्र तिघींनी न विचारता सांगितलं की पिठीला किंचित वास आहे. म्हणजे ओल आहेच.

तिसऱ्या फेरीत लिज्जतच्या बायांची युक्ती केली. खाटेवर साडी, साडीवर तांदूळ, खाली निखाऱ्याची शेगडी. तांदूळ वाळला, काकींनी चावून पास केला, आम्ही खूश. आणि दहाच्या दहा घरांतून एकच निरोप आला, मोदकाला धुराचा वास येतोय. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लिज्जतचा पापड मसालेदार. आपला तांदूळ शेजारी कांदा ठेवला तरी त्याचा वास ओढून घेतो. दुसरीची युक्ती चांगली असली तरी आपल्या घरी तिची फेरी वेगळी करावीच लागते. ही आमची सगळ्यात फसलेली फेरी. तिच्यात बुडाले किती? चारशे रुपये. आदल्या वर्षी हीच चूक दोन क्विंटलवर केली असती म्हणजे? बैठकीत कुणी रडलं नाही, कुणी कुणाला बोललं नाही. कारण चारशे रुपयांवरून कुणी गट मोडत नाही.

चौथ्या फेरीत शेगडी काढली, तांदूळ अगदी पातळ पसरला आणि पंखा दोन रात्री चालू ठेवला. काकी दर चार तासांनी उठून दाणे चावत होत्या. दाणा दाढेखाली कट् आवाज करून तुटला की वाळला, दबला की नाही. आता गटातल्या सगळ्यांना तो आवाज ओळखता येतो. वीस पाकिटं केली, पूर्ण भावानं, ८० रुपयांना विकली. तक्रार आली नाही. पाचव्या फेरीत गिरणीचं बघितलं. सकाळी गिरणी सुरू झाल्या झाल्या जायचं, आधी आपलाच एक किलो तांदूळ दळून दगड साफ करून घ्यायचे, तो किलो घरच्या भाकरीला. १२ ऑगस्टला मंगळवारी अंगारकी होती, तेव्हा चाळीस पाकिटं गेली, आणि गणपतीसाठी नावं लिहून घ्या म्हणून बायाच सांगायला लागल्या. सहाव्या फेरीत पाण्याचा प्रश्न आला. नव्या मुलींना उकडीचं माप माहीत नसतं. एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, चमचाभर तूप, चवीला मीठ, असं हातानं लिहून झेरॉक्स काढली आणि पाकिटात घातली. छापली नाही. छापायची घाई किती महाग पडते ते आता आम्हाला कळतं.

गणपतीची शेवटची विक्री झाली ती आधी सांगून ठेवलेल्या नावांवरच. १३० पाकिटांची नावं होती, आम्ही १४० केली, चार उरली, ती आम्हीच नेली. खांदा कॉलनीतल्या ताईंनी सहा घेतली. सगळा खर्च जाता हातात आले साधारण साडेपाच हजार रुपये. आदल्या वर्षीचा खड्डा त्यानं भरला नाही, हे स्पष्ट सांगतो. अजून दोन गणपती लागतील. पण या वेळी आमच्यातली प्रत्येक बाई सांगू शकते की पिठी का चांगली झाली. आदल्या वर्षी बिघडली का, हे सांगायला काकी सोडून कुणीच नव्हतं, आणि काकींना कुणी विचारलं नव्हतं.

आता दोन-तीन गोष्टी, ज्यांत आम्हीही अडखळलो.

पहिली म्हणजे 'झालं' या शब्दाची. बैठकीत एक म्हणते, तांदूळ धुऊन झाला. दुसरी म्हणते, दळून झाला. सगळं झालंच असतं, आणि पाकीट एकही गेलेलं नसतं. आम्ही ठरवलं, पाकीट गिऱ्हाइकाच्या घरी गेलं, पैसे आले आणि तिचं म्हणणं वहीत उतरलं, तरच 'झालं'. त्याच्या आधी सगळं 'चालू आहे'. भिंतीवर खडूनं तीन खण केले: करायचं, चालू आहे, झालं. पहिल्या फेरीत मधला खण भरून वाहत होता आणि शेवटचा रिकामा. प्रत्येकीनं चार चार कामं धरली होती, पुरं एकही नव्हतं. मग ठरलं, मधल्या खणात एकीच्या नावावर एकच काम. हे बायांना सगळ्यात जड गेलं, कारण आपल्याला एका हातानं भाकरी थापायची आणि दुसऱ्यानं पोर झुलवायची सवय. पण पाकिटं वेळेवर जायला लागली ती यामुळेच, असं आमचं मत आहे.

दुसरी गोष्ट. काही गट आम्हाला सांगतात, आम्हीही फेऱ्यांनीच करतो, महिन्याला पन्नास किलो. आम्ही विचारतो, पहिल्या पन्नासानंतर दुसऱ्यात काय बदललं? काहीच नाही. मग ती फेरी नव्हे, ते नुसते तुकडे झाले. फेरी म्हणजे जाऊन परत येणं. गिऱ्हाइकाचा शब्द घेऊन कुणी परतलंच नाही, तर पन्नास पन्नास किलो करूनही तुम्ही दोन क्विंटलच बिघडवता, फक्त हप्त्याहप्त्यानं.

तिसरी, प्रत्येक कामाला हे लागू नाही. पावसाच्या आधी कौलं शाकारायची तर ती सगळीच शाकारायला हवीत, अर्धं छप्पर करून बघू असं म्हणता येत नाही. भाताची लावणीही वर्षातून एकदाच. पण तिथंही शहाणा शेतकरी पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. सत्तरच्या खाली उगवले तर ते बियाणं पेरायचं का, याचा विचार करतो. मोठ्या कामाची फेरी करता येत नसेल, तर त्याच्या आधीची एखादी लहान फेरी शोधता येते का बघा.

आणि कागदांचं एक. कर्जासाठी एका कार्यालयात गेलो तर त्यांनी वर्षभराचा आराखडा मागितला, कुठल्या महिन्यात किती किलो, किती नफा. आम्ही सांगून बघितलं की पहिल्या फेरीनंतर सांगतो. तिथल्या साहेबांनी आमच्याकडे असं बघितलं जणू आम्ही खुळ्या आहोत. आम्ही आराखडा भरून दिला, त्यांचाही नाइलाज असेल. पण फेरीची वही आमच्याकडेच राहते, आणि काम वहीप्रमाणे चालतं.

हे वाचणारीला अजून एक शिकायचं होतं ते वहीनंच शिकवलं. फेरीच्या शेवटी प्रत्येकीनं एक वाक्य बोलायचं असतं, आणि सुरुवात वयानं मोठ्या असलेल्या बाईनं करायची. समन्वयकानं शेवटी बोलायचं. आधी बोललं की बाकीच्या मान डोलवतात. पहिल्या दोन फेऱ्यांत हे तिला जमलं नाही, काकींनी दोनदा हातानं गप्प केलं. तिसऱ्यापासून जमतंय.

आता उन्हाळ्याच्या वाळवणाची तयारी सुरू आहे. तांदळाच्या फेण्या करायचं म्हणतोय. पहिली फेरी दोन किलोची, दहा घरी, विचारायचा प्रश्न अजून ठरलेला नाही. येत्या शुक्रवारी ठरेल. आमच्या तालुक्यातल्या कुणाला बघायला यायचं असेल तर दुपारी तीनला समाजमंदिरात या, चहा मिळेल. आणि हो, त्या 'एक किलो'च्या लेबलांचं काय झालं असं सगळ्याच विचारतात. मागची बाजू कोरी आहे. फेरीत गिऱ्हाइकानं सांगितलेलं आम्ही त्यावर लिहून घेतो, एका गिऱ्हाइकाला एक लेबल, आणि वहीत चिकटवतो. अजून सहाशेच्या वर शिल्लक आहेत.